शंभर टक्के हजेरी

“उद्या मी आलेच न्हाई ना मॅडम, तरी माझ्या आईला मेसेज जाईल, तुमची मुलगी आज हजर आहे म्हणून.” राजेश्री हे हसत म्हणाली होती. मी तेव्हा अपूचं नाक पुसत होते. अपूने रुमाल ओढला, मी तिच्यावर डोळे वटारले, आणि राजेश्रीला नुसतं “हो बाई” म्हटलं. एवढंच झालं होतं. वर्गात आम्ही तिघीच होतो, खिडकीतून कापसाच्या गाडीचा आवाज येत होता, फळ्यावर सरल आवर्त गतीचं सूत्र अर्धं लिहिलेलं होतं आणि ते पूर्ण करायची मला घाई होती. आता ते वाक्य कुठेही गाठतं. तव्यावर भाकरी टाकताना, ताडकळसच्या बसची वाट बघत उभी असताना, अपूच्या केसांतून फणी फिरवताना. फणी मध्येच थांबते आणि अपू म्हणते, आई, ओढ ना.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी आमचं कॉलेज लग्नघरासारखं असतं. एरवी या इमारतीत चिमण्या आणि आम्ही. त्या दिवशी मात्र लातूरहून, नांदेडहून जीप भरभरून मुलं येतात, अंगावर क्लासचे छापील टी-शर्ट, पायात भारी बूट, आणि बारावीच्या शेवटाला येऊन एकमेकांना विचारतात, फिजिक्सची लॅब कुठाय रे. यंदा एकाने मलाच अदबीने विचारलं, “मॅडम, तुम्ही एक्स्टर्नल का?” दोन वर्षं कागदावर मी त्याची शिक्षिका. मी म्हटलं, “नाही, मी इथलीच.” तो जरा ओशाळला आणि मग मीच ओशाळले. त्याच गर्दीत, दारापाशी, हातात फडक्यात बांधलेला डबा घेऊन एक बाई उभी होती. मुलांना वाट देत होती, आणि वाट देता देता मागे मागे सरकत पार व्हरांड्याच्या खांबाला टेकली होती. मी जवळ गेले तशी म्हणाली, “जयभीम म्याडम. म्या सुलाबाई. राजीची आई. धपाटे आणलेत तिच्यासाठी, दह्यातले. आत धाडा म्हणत न्हाई, पेपर हाय तिचा. जरा तोंड दाखवा, बघते अन् जाते.” मी म्हटलं, “राजेश्री नांदेडला असते ना? क्लासला?” सुलाबाई हसल्या, माझी काहीतरी गल्लत होतेय आणि ती माफ आहे असं. “नांदेडला कशाला जाईल? हितंच तर हाय. रोज मेसेज येतोय की.” त्यांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला, पदराने पुसला आणि माझ्यापुढे धरला. त्या दिवशीचा मेसेज येऊन गेला होता. आपली पाल्य राजेश्री आज महाविद्यालयात हजर आहे. त्याच्या वर कालचा, त्याच्या वर परवाचा, अंगठा फिरवावा तसे एकाखाली एक, सगळे सारखे, दिवाळीच्या पलीकडे जाईपर्यंत.

हे नीट सांगायला हवं, कारण आमच्याकडे हे इतकं रोजचं आहे की कुणी सांगत नाही. अकरावी-बारावी सायन्सची मुलं प्रवेश आमच्यासारख्या कॉलेजात घेतात आणि राहतात शहरातल्या क्लासला. डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं तर तेच करायचं, हे आईबापांना माहीत, संस्थेला माहीत, तपासणीला येणाऱ्यांनाही माहीत. मुलं तिकडे, नावं इकडे. हजेरी मात्र पूर्ण लागते, लागावीच लागते, नाहीतर तुकडी बंद होईल आणि मग तासाच्या हिशेबाने शिकवणारी मीही बंद होईन. गेल्या वर्षी संस्थेने मोबाईलवरची काहीतरी सोय आणली. ऑफिसातले पंडितभाऊ रोज दहाच्या सुमाराला एक बटण दाबतात आणि सगळ्या पालकांना एकदम मेसेज जातो. लातूरला मुलाला स्वतः सोडून आलेल्या बापालाही जातो, तुमचा मुलगा आज आमच्याकडे हजर आहे. सुरुवातीला लोक हसले. एकाने पंडितभाऊंना फोन करून विचारलं होतं, “आमचा गडी एकाच टायमाला दोन ठिकानी हाय का वो?” मग कुणी वाचेनासं झालं. तो मेसेज खरा धरून चालणारं माणूस त्या सगळ्या यादीत एकच होतं, आणि ते जिंतूरच्या पुढच्या एका गावात शाळेची खिचडी शिजवत होतं. “आमचे गुरुजी वाचून दावतेत,” सुलाबाई सांगत होत्या. “पातेल्यात तांदूळ टाकला की मेसेज येतो बगा. मग मला काय घोर न्हाई दिवसभर.”

घोर. मला हा शब्द आवडतो आणि त्याची भीती वाटते. अपू झाल्यापासून मी घोरातच आहे. झोपेत ती गप्प पडली की तिच्या नाकापुढे बोट धरते. भागवत म्हणतो, “नीलम, तिला झोपू तरी दे.” भागवत माझा नवरा, मेकॅनिकल इंजिनिअर. जिंतूर-सेलूकडे शेतांत सौर पंप बसवत हिंडतो. आमच्या लग्नात मामा मांडवभर सांगत फिरत होते, मुलगा बी.ई., मुलगी एमएस्सी फिजिक्स, यांच्या पोरांना काय कमी. मला संशोधन करायचं होतं. कशावर, ते तेव्हा अगदी स्पष्ट होतं, आता विचारलं तर आठवावं लागतं, माहेरच्या फडताळात कुठे काय ठेवलं होतं ते आठवावं तसं. नोकरी लागली ती ही, आणि पहिल्या दिवशी रिकाम्या बाकांपुढे उभी राहिले तेव्हा मला रडू आलं होतं. पुढे अपू झाली आणि तोच रिकामा वर्ग मला गोड वाटायला लागला. घरी सांभाळणारं कुणी नव्हतं. मी तिला घेऊन यायची. ती बाकांखालून रांगायची, मी फळ्यावर तारीख लिहायची, आणि कुणी आलंच तर तास चालू आहे असं दिसायचं. अशाच एका तासाला दारात एक मुलगी येऊन उभी राहिली, दप्तर छातीशी धरून. “येऊ का?” मी म्हटलं, “कोण पाहिजे?” ती म्हणाली, “मी अकरावीत आहे.”

क्लास तिला झेपणार नव्हता, एवढं साधं होतं. म्हणून ती रोज यायची. कॉलेजच्या मागे एका म्हातारीकडे खोली घेऊन राहिली होती, डाव्या हाताने लिहायची, मनगटावर खिचडीच्या वाफेने भाजल्याचा लांबट डाग. सुरुवातीला मला तिचा राग यायचा. एका मुलीसाठी मला तयारी करून यावं लागायचं, रात्री अपूला थोपटत पुस्तक उघडावं लागायचं. आणि मग कधीतरी मी तिच्यासाठीच यायला लागले. ती प्रश्न विचारायची ते मार्कांचे नसायचे. लॅबच्या छताला एक लोखंडी कडी आहे, तिला आम्ही साडीची झोळी बांधली होती अपूसाठी. राजेश्रीने एकदा लंबकाचा प्रयोग बाजूला ठेवला आणि अपूचा झोकाच मोजायला बसली. घड्याळ हातात, ओठ हलताहेत. मग पाठीवरचं दप्तर काढून झोळीत अपूच्या पायाशी ठेवलं, पुन्हा मोजलं. “मॅडम, वजन वाढलं तरी तेवढाच वेळ लागायलाय.” मी म्हटलं, पुस्तकात तेच तर दिलंय. “पुस्तकात गोळा हाय मॅडम. ही तर अपू हाय.” तेवढ्यात अपू झोळीत उठून बसली आणि झोका लवकर परत आला, अगदी थोडासा लवकर. मला दिसलं नव्हतं, तिला दिसलं. ती कितीतरी वेळ नुसती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दोरी आखूड झाली. बसली म्हणून तिचा जीव वर आला, म्हणून दोरी आखूड झाली.” गुरुत्वमध्य म्हणायचं त्याला, मी सांगितलं. मान हलवली तिने, पण मला कळलं की जीव हाच शब्द तिला पटला आहे. त्या दिवशी बसमध्ये मला उगाचच हसू येत होतं. शेजारच्या बाईने विचारलं, काय वो, काही चांगलं झालं का.

करिअरच्या संधी म्हणून कार्यक्रम झाला तो पावसाळा सरतानाचा. सायन्सला बसायला मुलं नव्हती म्हणून आर्ट्सची मुलं आणून खुर्च्या भरल्या. पुण्याकडून आलेला निळ्या शर्टातला माणूस पडद्यावर चित्रफीत दाखवत होता. लोखंडाचे हात आपोआप गाड्या जोडताहेत, पांढऱ्या कोटातल्या मुली पडद्यांकडे बघताहेत. शिकता शिकता कमवा, कमवता कमवता इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, अठरा पूर्ण पाहिजे, राहणं-जेवण कंपनीचं. पुष्पगुच्छ मीच दिला त्याला. प्रश्न विचारला तो एकट्या राजेश्रीने, “सर, लॅब असते का तिथं?” तो म्हणाला, “बाळ, पूर्ण कंपनीच लॅब आहे.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बाहेर पडताना तिने विचारलं, “मॅडम, सायन्सला खरंच स्कोप हाय का?” आणि मी, जिच्या पर्समध्ये तेव्हा अपूची लंगोटं आणि तासांचं वेळापत्रक होतं, म्हटलं, “शिकणाऱ्याला सगळीकडे स्कोप असतो.” काय बोलतो आपण. तोंडात तयार असतं ते बाहेर पडतं.

दिवाळीनंतर ती एकदा येऊन गेली. नांदेडला क्लास लावलाय म्हणाली, एका ओळखीच्या सरांनी फी माफ केली म्हणे. अपूला उचलून घेतलं, झोळीत बसवलं, एक झोका दिला आणि तो थांबायच्या आत निघून गेली. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. सगळी जातात तशी गेली, हुशार मुलीने जायलाच हवं. दुसऱ्या दिवसापासून माझा वर्ग पुन्हा रिकामा झाला आणि मी तयारी करणं सोडलं. आईला तिने नांदेडचंही सांगितलं नव्हतं, काहीच सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती, रोज तिच्या वतीने आम्ही सांगत होतो. फक्त रविवारी फोन करायची. “तीन-चार ऐतवार झाले, फोन न्हाई,” सुलाबाई म्हणाल्या. “मीच लावते तर बंद येतोय. म्हणलं अभ्यासात असंल. मेसेज तर येतोय. पण मग मनात दुसरं काहीच येईना वो, म्हणून आले.” त्यांच्या हातातला डबा तसाच होता. मागे लॅबमधून कुणीतरी ओरडत होतं, मॅडम, आमचा करंट दिसंना.

मी आत गेले. एक्स्टर्नल सर दुसऱ्या तालुक्यातले, चांगले, थकलेले, चहा घेत होते. राजेश्रीचा नंबर आला. मी म्हटलं, ती नाहीये. पंडितभाऊ दारातूनच म्हणाले, “मॅडम, असं कसं नाही? शंभर टक्के हजेरी आहे तिची. आजचासुद्धा मेसेज गेलाय.” मग आवाज खाली घेऊन, “पास करून टाका. कुणी विचारतंय का? बाकीच्यांनी तरी कुठं प्रयोग केलेत.” सरही म्हणाले, “मुलीचं वर्ष कशाला घालवता मॅडम? द्या मार्क.” ते चुकीचं बोलत होते असं मला त्या क्षणी वाटलं नाही. खरंच, सगळ्यांनाच तर देत होतो. आणि त्या खोलीत प्रयोग खऱ्या अर्थाने केलेली तीच एक होती, कडीला अजून झोळीची गाठ लटकत होती. पेन माझ्या हातात होतं. मार्क लिहिले असते तर राजेश्री पास झाली असती, आणि त्या दिवशी, त्या वेळेला, परभणी जिल्ह्यातल्या एका लॅबमध्ये सरकारदरबारी धडधाकट उभी असती. मग तिला कोण शोधणार होतं? मला एकदम अपू आठवली, बालवाडीत सोडून आलेली, तिचं अंग आठवलं, झोपेतलं गरम. मी राजेश्रीच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. त्या कॉलेजात मी कुणालाही लिहिलेलं ते पहिलं गैरहजर. पंडितभाऊ निघून गेले. खिडकीतून सुलाबाई माझ्या हाताकडे बघत होत्या. मी बाहेर आले तशी त्यांनी विचारलं, “लिवलं का वो तिचं नाव?” मी म्हटलं, “लिहिलं.” त्यांना बरं वाटलं. मग मला त्यांना खांबापाशी खाली बसवून सगळं सांगावं लागलं, आणि त्या ऐकता ऐकता डब्याची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिल्या.

पोलीस ठाण्यात आम्ही दोघी गेलो. तिथल्या जमादाराने सुलाबाईंचा फोन हातात घेऊन पाहिला. “कधीपासून हरवली?” सुलाबाई माझ्याकडे बघायला लागल्या. “कॉलेज तर म्हणतंय आज सकाळी हजर होती.” मी म्हटलं, तो मेसेज खोटा आहे. “खोटा पाठवला कुणी?” मी म्हटलं, आम्ही. त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग विचारलं, “वय? अठरा पूर्ण? कामाला गेली म्हणा की मग, येईल.” लिहून घेतलं त्याने, पण लिहिताना त्याची मान हलत होती. खोलीवाल्या म्हातारीने मात्र एक गोष्ट सांगितली. दिवाळीनंतर राजेश्रीला न्यायला एक पांढरी गाडी आली होती, आधीच चार-पाच पोरी बसलेल्या, चाकणच्या पुढं कंपनी हाय म्हणत होत्या. घरी आल्यावर मी भागवतला सगळं सांगितलं. तो हातावरचं ग्रीस पुसत होता, पुसायचा थांबला. डिग्रीनंतर तोही गेला होता तिकडे, आमच्या लग्नाआधी, त्याबद्दल तो कधी बोलत नाही. “फोन गेटवर जमा करून घेतेत,” तो म्हणाला. “सुट्टी झाली की देतेत. कंत्राटदार बदलला की खोल्या बदलतेत, शिफ्ट बदलते. त्यात फोन राहून जातो एखाद्याचा. घाबरायसारखं नसतं दर वेळी.” मी विचारलं, “तू काय करायचास तिथे?” “वायरी. गाडीतल्या वायरींचे जुडगे बांधायचे. लाल लालमध्ये, हिरवी हिरव्यात.” मग म्हणाला, “मी घरी सांगितलं होतं डिझाइनला आहे म्हणून.” त्याच आठवड्यात तो जाऊन आला. गेटागेटावर नाव सांगितलं. सगळीकडे एकच विचारलं, कंत्राटदार कोण. ते आम्हाला ठाऊक नाही. गुच्छ दिलेल्या त्या माणसाचा नंबर लागत नाही. कार्यक्रमाच्या फोटोत तो अर्धा आहे, उरलेल्या अर्ध्यात मी.

तेव्हापासून माझं कशात धड लक्ष नाही. अपूच्या बालवाडीतून दुपारी फोटो येतो, आज मस्त खेळली. पूर्वी तो बघून मी निवांत व्हायची. आता फोटो आला की हातातलं टाकून मी चालत सुटते, बालवाडीच्या जाळीला नाक लावून उभी राहते, ती दिसेपर्यंत. बाई वैतागल्यात. “अर्पिताची आई, फोटो पाठवलाय की.” मी म्हणते, हो, दिसला. तरी उभीच राहते. कॉलेजात मेसेज अजून जातो. मी पंडितभाऊंना म्हटलं, निदान एका नावाचा तरी बंद करा. ते म्हणाले, एकाचा बंद करता येत नाही मॅडम, सगळ्यांना एकदमच जातो. सुलाबाईंनी गुरुजींना सांगून ठेवलंय, वाचून दाखवू नका. पण तांदूळ टाकला की फोन थरथरतोच. “हात थांबतो वो माझा,” त्या परवा म्हणाल्या.

लेखी परीक्षा तोंडावर आली आहे. तिचं हॉलतिकीट माझ्यापाशी आहे. लेखी झाल्यावर, ज्यांचं प्रात्यक्षिक चुकलं त्यांच्यासाठी बोर्ड पुन्हा एकदा प्रात्यक्षिक घेतं, आउट ऑफ टर्न म्हणतात त्याला. गैरहजर लिहिलंय म्हणूनच ती वाट उघडी आहे. तिचं वर्ष अजून गेलेलं नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. म्हणून लिहिते आहे. तुम्ही चाकणकडे राहत असाल, तिकडे कामाला जात असाल, तर शिफ्ट सुटते तेव्हा गेटाबाहेर चहाच्या गाड्यांपाशी मुलींचा घोळका असतो, तिथे जरा थांबून बघा. सावळी आहे, उंच नाही, कप डाव्या हातात धरते, मनगटावर भाजल्याचा लांबट डाग. नाव विचारू नका, घाबरेल आणि भलतंच सांगेल. तिला विचारा, अपू झोळीत उठून उभी राहिली तर झोका कसा येईल. ती लगेच सांगेल, आणि सांगताना वर बघेल, जणू तिथे कडी आहे. मग तिला म्हणा, वर्ष गेलेलं नाही, आई रागावलेली नाही, मॅडमनी झोळी अजून सोडलेली नाही. माझं एवढं काम कराच. फक्त ती तिथे आहे, ठीक आहे, असा मेसेज मला पाठवू नका. फोन लावा आणि तिच्या हातात द्या.